मधला दगड

खड्डा जेमतेम गुडघाभर झाला आणि टिकाव ठणकन उडाला. मुसअबने पुन्हा घाव घातला. ठिणगी निघाली. खाली काळा पाषाण होता.

मरण्याआधी मुसअबच्या अब्बांनी, करमअलींनी, मुलांकडे एकच गोष्ट मागितली होती. मला तुमच्या अम्मीच्या शेजारी ठेवा. अम्मीची कबर पूर्वेला हातभर अंतरावर होती आणि शेजारची जागा नेमकी दगडाने धरली होती. जमलेल्या पुरुषांत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणालं, खाडीकडे रेती आहे, तिकडे खणू. शेजारच्या वाडीतला हर्षद विहिरी फोडायचं ब्रेकर मशीन टेम्पोत घालून आला होता, पण खड्ड्यात डोकावल्यावर त्याने ते खाली उतरवलं नाही.

"मशीन लावीन मी, मुसअबभाई," तो हळूच म्हणाला. "पन चाचींची कबर हादरंल. ढासळली तर मंग काय करायचं?"

मुसअब कबरस्तानाच्या फाटकाशी आला. तिथे त्याची थोरली बहीण नूरैन उभी होती. गावात बायका आत जात नसत. नूरैन मुंबईत बोगद्यांच्या कामावर दगड तपासायची. सकाळी बोटीने मांडव्याला उतरून ती घरी आली, अब्बांच्या कपाळाला हात लावला, आणि मग आलेल्यांना चहा विचारत फिरली. डोळ्यांत टिपूस नव्हतं. बायका एकमेकींकडे बघत होत्या.

"आपा, दगड लागलाय. अब्बांना खाडीकडं न्यायला लागंल."

"तुकडा आण त्याचा."

मुसअबने आणलेला तुकडा तिने जिभेने ओला केला आणि उन्हात धरला. बारीक दाणे चमकले.

"हा मधला आहे. आता मावळतीकडचा आण. अम्मीपासून लांबचा."

दुसरा तुकडा गुळगुळीत होता. त्यात दाणा म्हणून दिसेना.

"ही कड," नूरैन म्हणाली. "मुसअब, जमिनीला फट पडली होती. खालून वितळलेला रस त्या फटीतून वर चढला आणि तिथेच थिजला. कडेला पटकन निवला, म्हणून दाणा धरला नाही. मध्ये सावकाश निवला, तिथे धरला. भिंतीसारखा उभा आहे हा. अरुंद असतो. कड ओलांडून पलीकडे खणा, मुरूम लागेल."

कामावर ठेकेदाराला सांगावं तसं तिने सांगितलं.

"नक्की ना, आपा?"

"नक्की."

"मंजी मशीन नको?" मागून हर्षदने विचारलं.

"नको. टिकाव पुरेल."

थोड्या वेळाने आतून आवाज आला. ठणठण नव्हे, भसकन माती फुटल्याचा. हर्षदने बाही सरसावली आणि फावडं मागून घेतलं.

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर जनाजा आला. फाटकातून आत नेताना नूरैन वाटेतून बाजूला झाली. खांदेकऱ्यांपैकी कोणाची तरी चप्पल निसटून पडली होती, ती तिने उचलून भिंतीला लावून ठेवली. मग घरी आली आणि कपबशा धुवायला बसली.

दिवेलागणीला मुसअब परतला. त्याच्या नखांत तांबडा मुरूम होता. करमअलींची बहीण जैबुन्निसा ओटीवर तसबीचे मणी ओढत बसली होती. तिने नूरैनला हाक मारून जवळ बसवलं.

"नीट झालं सगळं?" तिने मुसअबला विचारलं.

"झालं, फुफी. आपा बोलली तसंच निघालं. अम्मीची कबर, मग तो दगड, मग अब्बा."

जैबुन्निसाचे मणी थांबले. भाऊ तरणाताठा असताना कुवेतला गेला होता, तो पार म्हातारा होऊन कायमचा परतला, आणि त्याच वर्षी भावजय गेली. ते सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"नशीब बघ दोघांचं," ती म्हणाली. "जन्मभर मध्ये दर्या होता. आता दगड."

"मोठा नाही, फुफी," नूरैन घाईने म्हणाली. रुंदी दाखवायला तिने दोन्ही पंजे समोर धरले, एकमेकांपासून थोडे दूर. "एवढाच आहे."

बोलून झालं तरी तिला ते हात खाली घेता येईनात.