चपळ बोटांची यादी

१९७४ साल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शाळेला एक परदेशी संस्था पुस्तकं आणि दूध पुरवायची. त्या दुधापायीच सात आयांनी पोरींचं विड्या वळणं थांबवून त्यांना शाळेत धाडलं होतं. या मुलींना शिकवायचं कसं, हे ठरवायला संस्थेनं मुंबईचे एक सल्लागार नेमले.

वर्गात येऊन त्या सल्लागार साहेबांनी चिंचोक्यांचा ढीग ओतला. त्या सात जणींतल्या नरसव्वानं मुठीमुठीनं उचलून भराभर पंचवीस-पंचवीसचे वाटे घातले.

"न मोजता?"

"कट्ट्यात पंचवीसच विड्या बांधतेत की, साहेब."

"काय बोटं आहेत! गुरुजी, अशा मुलींची नावं-पत्ते द्या लिहून."

त्रिंबक गुरुजींनी मोठ्या अभिमानानं, वळणदार अक्षरात यादी करून दिली. सगळ्यांत चपळ मुलगी पहिली.

दिवाळीनंतर साहेब पुन्हा आले. सोबत विडी कारखान्याचा मुकादम होता.

"संस्थेचं काम संपलं, गुरुजी. आता मला यांच्या कारखान्यानं नेमलंय."



मुकादमानं वर्गाच्या दारात कागद उघडला आणि गुरुजींच्याच अक्षरातलं पहिलं नाव पुकारलं, "नरसव्वा!"