बाकी पाच

"मावशी, मुलाचा अंक भाग लवकर. देव पाण्यात घालून बसलेय मी," वैजू म्हणाली.

रक्तातल्या प्रत्येक उपजत दोषाला आता एकेक मूळ संख्या नेमलेली होती. माणसाच्या एकवीस आकडी अंकाला तिनं निःशेष भाग गेला, की तो दोष त्याच्यात आहे असं समजायचं. दोघांतही तोच निघाला, की सोयरीक मोडायची. गावाचे अंक अनसूयामावशी भागायची आणि बाकी मोठ्यानं वाचून दाखवायची.

"त्र्याऐंशी," तिनं वाचलं, "निःशेष."

वैजूचं हसू मावळलं. "म्हणजे पुन्हा भार्गवसारखंच! माझ्यात त्र्याऐंशी आहेच. तेव्हाही तूच वाचवलंस, आजही." ती पाया पडायला वाकली.

सहा वर्षांपूर्वी, भार्गव आपल्या पमाला मिळावा म्हणून मावशीनं वैजूची बाकी खोटी वाचली होती. पमा त्याच्या घरी सुखानं नांदत होती. आज नुसतं गप्प बसलं, तरी लेकीचा संसार शाबूत होता.

मावशीनं पाय मागे ओढून घेतले.

"तुझ्यात त्र्याऐंशी नाही गं. बाकी पाच उरते. तेव्हाही पाचच उरली होती."

वैजू वाकलेलीच राहिली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "पमाला ठाऊक आहे?"