पहिलं पान सोडून

नायकाने नायिकेची बोटं दाराच्या फटीत ठेवली आणि दार हळूहळू लोटायला सुरुवात केली. बोटं चेमटायच्या बेताला तो थांबला, एकेका बोटाचा मुका घेतला आणि म्हणाला, "उशीर होण्याइतकं महत्त्वाचं बाहेर काय होतं?"

तिने पुस्तक फाटकन मिटलं. हे वाक्य तिने ऐकलं होतं. मागच्या आठवड्यात मैत्रिणीकडून परतायला उशीर झाला, तेव्हा होणारा नवरा हेच म्हणाला होता. अगदी शांतपणे. शब्द थोडे इकडचे तिकडे. तेव्हा ती लाजली होती.

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती फ्रेममध्ये काचा बसवायची. हातात काम नसलं की प्रेमकथा वाचायची. ही कादंबरी होणाऱ्या धाकट्या नणंदेने दिली होती. "वाच वहिनी, शेवटपर्यंत वाच," एवढंच म्हणाली होती. सुरुवातीला काहीतरी सूचना छापली होती. पण तसली पानं ती कधीच वाचायची नाही. सिनेमाला बसण्याआधीच कुणी शेवट सांगून टाकावा, तसं तिला वाटायचं. नायकाने नायिकेचा फोन ताब्यात घेतला, तिच्या मैत्रिणी तोडल्या, तेव्हा हिला गुदगुल्याच झाल्या होत्या. असं कुणी जीव टाकावं आपल्यावर!

आता तिने पहिलं पान उघडलं. 'या कादंबरीत पाळत, कोंडून ठेवणं आणि मारहाण आहे. जपून वाचा.'

पाळत. साखरपुड्यानंतर त्याने तिचा फोन मागून घेतला होता आणि काहीतरी करून परत दिला होता. "आता तू कुठे आहेस ते मला नकाशावर दिसेल. काळजी वाटते गं."

तेवढ्यात फोन वाजला. तोच होता.

"दुपारपासून तुझा ठिपका हललेला नाही," तो हसत म्हणाला. "पुस्तक वाचत बसलीयस का?"

"नाही... काम आहे."

"बरं. मी बाहेरच उभा आहे. आज लवकर निघ."

तिने दाराच्या काचेतून डोकावलं. समोरच्या फुटपाथवर तो गाडीला टेकून उभा होता. दुकान बंद व्हायला अजून बराच वेळ होता. रोज त्याला तिथे पाहून तिला मैत्रिणींसमोर केवढा अभिमान वाटायचा. आज ती काचेपासून मागे सरली.

दुकानाच्या फोनवरून तिने नणंदेला लावला. "मी बोलतेय."

"कुठवर आलीस?" पलीकडून विचारलं.

"दारात बोटं..."

"पुढचं वाचू नकोस," नणंद म्हणाली. "तुझा फोन तिथेच ठेव. मागच्या गल्लीत ये, मी पाच मिनिटांत पोचते."

फोन तिने काचांच्या खोक्यांमध्ये ठेवला. आपल्याला बरं वाटत नसल्याचं मालकीणबाईंना सांगितलं आणि मागच्या दाराने निघाली. गल्लीत प्रत्येक पावलाला वाटत होतं, आता मागून हाक येणार. कोपऱ्यावर नणंद स्कूटर चालू ठेवूनच उभी होती. ही बसली न बसली तोच तिने गाडी सोडली.

"कुठे जातोय आपण?"

"तुझ्या आईकडे. तुझे बाबा, काका सगळे घरी आहेत. मी फोन केलाय."

ही तिच्या खांद्याला घट्ट धरून बसली होती. तीन चौक मागे पडल्यावर तिने विचारलं.

"तुला सगळं माहीत होतं. मग सरळ तोंडाने का नाही सांगितलंस? पुस्तक कशाला?"

नणंदेने आरशात मागचा रस्ता एकदा पाहून घेतला.

"आधीच्या दोघींना तोंडानेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोघींनी हसत हसत ते दादालाच जाऊन सांगितलं."