मेमरी किती घालू?

“मेमरी किती घालू, काका?” दुकानदाराने विचारलं. नव्या कॉम्प्युटरचा सीपीयू त्याच्यापुढे काउंटरवर उघडा पडला होता.

“चौसष्ट,” काका म्हणाले.

दुकानदाराने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. चौसष्ट जीबी मागणारी गिऱ्हाइकं त्याच्याकडे यायची, पण त्यांचे केस पिकलेले नसायचे. “आणि काम काय करणार त्याच्यावर?”

“बातम्या वाचतात आणि पत्ते खेळतात,” शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली. “तेही एकट्यानेच. आठ पुरेत.”

काकांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. चार माणसं चढणार असतील, तर दोर आठ जणांचा भार पेलणारा हवा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. पण आजची मागणी त्या सवयीतून आलेली नव्हती आणि मुलीला ते कळत होतं.

“समजा, घरांची चित्रं करायची असली तर?” मुलीकडे न बघता त्यांनी दुकानदाराला विचारलं. “भिंती, जिने, खिडकीतून आत येणारं ऊन, सगळं अगदी फोटोसारखं.”

“मग चौसष्टच लागतील.”

मुलगी एका आर्किटेक्टकडे हीच चित्रं करायची. ते ऑफिस पाच तासांच्या अंतरावर. दोन वर्षांत ती चारदा घरी आली होती आणि चारही वेळा ‘काम पडलंय, ते तिथल्याच मशीनवर होतं’ म्हणत दुसऱ्या दिवशी पळाली होती. काकांनी ते निमित्तच मुळापासून उपटायचं ठरवलं होतं.

“बाबा, मी नोकरी सोडून इकडे येणार नाहीये,” ती हळूच म्हणाली.

“मी कुठे तसं म्हणालो?”

“न म्हणता चौसष्ट मागताय.”

काकांनी मान खाली घातली. दुकानदार उगाचच एक स्क्रू पुसत बसला. बापलेकीच्या मध्ये तोंड घालू नये, एवढं त्याला कळत होतं. बोलून गेल्यावर मुलीलाच वाईट वाटलं.

“बरं, सोळा घाला,” ती दुकानदाराला म्हणाली. “महिन्यातून एखादा शनिवार-रविवार मी काम घेऊन येत जाईन. निघेल ना तेवढ्यात?”

“निघेल, पण रखडत. एकेका चित्राला मशीन अर्धा-पाऊण तास अडकून पडणार. तोवर हात लावायचा नाही. त्यापेक्षा बत्तीस घ्या, ताई.”

“हो, मग बत्तीसच बरे.”

काकांनी एवढा वेळ खाली घातलेली मान वर केली. “अर्धा-पाऊण तास?”

“सहज.”

“दर चित्राला?”

“दर चित्राला.”

“आणि तोवर तिला दुसरं काहीच करता येणार नाही?”

“काय करणार, काका? मशीन सोडून उठायचं आणि वाट बघायची.”

“बत्तीस नको,” काका घाईघाईने म्हणाले. “सोळाच घाला. त्याहून कमीत भागत असेल तर तेही बघा.”