कोणाला तरी पाठव

मोबाइलच्या पडद्यावर नाव आलं आणि मिनलचं बोट तिथंच थांबलं.

नागपूरच्या बेसा भागातल्या तिच्या छोट्या फ्लॅटमध्ये सतरंजीवर पाच-सहा बायका डोक्यावर पदर, ओढण्या घेऊन बसल्या होत्या. दर बुधवारी दुपारी बहिणींची प्रार्थना, आणि प्रार्थनेत दर वेळी एक नवा समाज, जिथं येशूचं नाव अजून पोहोचलेलं नाही असा. ज्या घरी प्रार्थना, त्या घरच्या बाईनं मोबाइलवरच्या, असे समाज दाखवणाऱ्या अ‍ॅपवरची माहिती वाचायची आणि शेवटची विनंतीही तिनंच करायची, हा त्यांच्या चर्चच्या मंडळीचा रिवाज. मागच्या बुधवारी वाळवंटातले उंटवाले होते. त्याआधी कुठल्याशा बेटावरचे कोळी. मिनल डोळे मिटून त्यांचे चेहरे मनात आणायची, आणि तिला खरंच रडू यायचं.

"वाच ना वं मिनल," पाळकांच्या पत्नी रूथताई म्हणाल्या. "नेट गेलं का?"

बोट जरासं सरकवलं असतं तर पुढचं नाव आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण प्रार्थनेला बसून लबाडी कशी करायची?

"कोष्टी," तिनं वाचलं. "विणकर समाज. नागपूर, उमरेड. भाषा मराठी. यांच्यात विश्वासणारे…" ती ओळ तिनं पुन्हा एकदा पाहिली. "जवळपास नाहीत."

"अव माय, हे तं आपल्याच गावातले निघाले!" अपेक्षा म्हणाली. "मले वाटलं, आज बी उंटच येतीन."

बायका हसल्या. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मात्र बंद झाला.

तिथं मिनलची आई होती, जनाबाई. जुन्या शहरातल्या महाल भागातल्या कोष्ट्याच्या घरची. मिनलनं पुण्यात नोकरीला असताना बाप्तिस्मा घेतला, मंडळीतल्याच मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून, नागपुरात परतल्यावरही, ना ही तिकडे गेली ना तिकडून कोणी इकडे आलं. आज सकाळी पहिल्यांदा आई या घराची पायरी चढली होती. घरी दवाखान्याचं निमित्त सांगून, पिशवीत डिंकाचे लाडू घेऊन. आल्या आल्या तिनं नातवाला जो कडेवर घेतला, तो अजून खाली ठेवला नव्हता. कडेवर पोर आणि एका हातानं भांडी, असं तिचं चाललं होतं. बायकांना मिनलनं 'आई आली आहे' एवढंच सांगितलं होतं. तिच्या माहेराविषयी कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही काढलं नव्हतं.

रूथताईंनी सुरुवात केली. "हे स्वर्गीय बापा, हे लोक अंधारात आहेत. तुझ्या एकाही लेकराशी यांची ओळख नाही. यांच्याकडे कोणाला तरी पाठव, बापा."

"पाठव, बापा," बायका म्हणाल्या.

रूथताईंचा गळा दाटून आला. त्यात खोटं काही नव्हतं. उंटवाल्यांसाठीही तो असाच दाटून आला होता.

मिनलचे डोळे मिटलेले, पण कान स्वयंपाकघरात. आता आई पिशवी उचलेल. आता चपला घालेल. एकदा ही गेली की परत येणार नाही.

"मिनल, शेवटची विनंती," रूथताई हळूच म्हणाल्या.

मिनलनं तोंड उघडलं, पण नेहमीचे शब्दच सापडेनात.

"प्रभू," ती म्हणाली, "जनाबाई. माझी आई आहे. ईश्वरदास, माझे बाबा. त्यांचा खोकला थंडीत फार वाढतो. वामनकाका. भारतीवहिनी, ती अजून मुलाची वाट बघते आहे. प्रभू, हे…"

एकेक करून बायकांनी डोळे उघडले.

स्वयंपाकघराच्या दारात जनाबाई उभी होती. कडेवर पोर, एका हातात ओलं फडकं. रूथताईंचा चेहरा उतरला.

"ताई, आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं हो."

"असू द्या वं बाई. चांगलंच मागून राहिल्या तुमी." जनाबाई दाराला टेकली. "माया घुडग्यासाठी बी मागा एक डाव. लय ठणकते."

अपेक्षानं हसू ओढणीत दाबलं. जनाबाईनं लेकीकडे पाहिलं.

"पन तू एवढ्या दुरून काहून मागून राहिली वं? बेस्यावरून महालात यायले ऑटो भेटते."

"कशी येऊ आई? तुम्ही देवीचा प्रसाद पुढं करसान, अन् मी…"

"तं नको घेऊ. जबरदस्ती हाय का? पोयी-भाजी खाय."

"अन् बाबा?"

"ते नाही बोलनार. पाठ करून बसतीन." जनाबाईनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "याच्याकडं किती येळ पाठ करतीन?"

कोणी आमेन म्हटलं नव्हतं. प्रार्थना संपली की अजून चालू आहे, ते कोणालाच कळेना. बायकांचे पदर तसेच डोक्यावर होते.

"रविवारचं तुमचं चर्च झालं का ये," जनाबाई म्हणाली. "अन् याले टोपडं घालजो. वाटेतल्या पुलावर लय वारं राह्यते."