बावीस वर्षांपूर्वीचा चेंडू

“कानामागे टोचतंय गं,” बाबा म्हणाले.

बेबीने चष्म्याची काडी सैल केली आणि तो त्यांच्या नाकावर पुन्हा बसवला. तिशी उलटली तरी घरात ती बेबीच होती. चष्मा तिच्याच कंपनीने बनवलेला. आज तो पहिल्यांदाच मैदानातल्या प्रेक्षकांच्या हातात पडला होता. डोळ्यांवर चढवला की समोरच्या खेळाडूंच्या डोक्यावर त्यांची नावं तरंगायची आणि चेंडू कुठून कसा गेला त्याची रेघ हवेत उमटायची.

“तो स्लिपमधला बघा. नाव दिसतंय?”

“नाव कशाला हवंय? त्याच्या बापाला मी दोनदा बाद दिलाय.”

बाबा एवढं बोलले, यानेच तिचा अर्धा जीव भांड्यात पडला. बावीस वर्षांत त्यांनी या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

त्या वर्षी इथे अंतिम सामना होता आणि बाबा पंच होते. यजमानांची शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला चार धावा हव्या होत्या. कप्तान अठ्ठ्याण्णववर. चेंडू त्याच्या पॅडवर आदळला आणि बाबांचं बोट वर गेलं. पायचीत. सामना गेला, कप्तानाची कप्तानी गेली. बेबीच्या घराच्या काचा फुटल्या, फोन काढून ठेवावा लागला. महिन्याभरात बाबांनी पंचगिरी सोडली.

आई मात्र हटली नाही. “आमच्या ह्यांची नजर चुकणार नाही,” असं ती दारात उभी राहून ऐकवायची. त्यापायी सख्ख्या बहिणीशी अबोला धरला, शेजार तोडला. बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. घरात क्रिकेटचा विषयच बंद झाला.

जेवणाची सुट्टी झाली. खेळाडू आत गेले. या वेळात चष्म्यातून रिकाम्या मैदानावर जुन्या सामन्यांतले दहा प्रसंग दिसणार होते, जिथे घडले होते नेमके तिथेच. जुन्या चित्रफितींवरून बेबीच्या टीमने ते तयार केले होते. नऊ प्रसंग पंधरा दिवसांत झाले. दहाव्याला तिने कुणाला हात लावू दिला नाही. त्यासाठी ती तीन आठवडे एकटी बसली होती.

“बाबा, आता तुमचा आहे. नको असेल तर चष्मा काढून ठेवा.”

“राहू दे.”

खेळपट्टीवर धुरकट माणसं उभी राहिली. त्यात पांढऱ्या टोपीतले तरुण बाबाही होते. गोलंदाज धावत आला. चेंडू कुठे जाणार हे बेबीला तोंडपाठ होतं. ती मैदानाकडे बघतच नव्हती, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती.

चेंडू पॅडवर लागला. तिथून पुढे लाल रेघ निघाली आणि थेट लेग स्टंपवर जाऊन थांबली. वर अक्षरं उमटली: बाद.

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “म्हणजे पंच बरोबर होता की.” दुसरा म्हणाला, “आणि आपण त्या बिचाऱ्याला काय काय बोललो.”

बेबीने रोखून धरलेला श्वास सोडला.

“पुन्हा दिसतं का हे?” बाबांनी विचारलं.

तिने दाखवलं. त्यांनी तीनदा बघितलं. मग चष्मा काढून डोळे पुसले.

“हे कोणी केलं?”

“टीमने. म्हणजे, हा एक मीच केला.”

“असं होय,” बाबा म्हणाले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात जिना चढून एक उंच, टक्कल पडलेला माणूस त्यांच्याकडे आला. हातात चष्मा होता. बेबीने त्याला ओळखलं. तोच कप्तान. आता यजमान संघाचा प्रशिक्षक होता.

“पंचसाहेब,” तो म्हणाला, “बावीस वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आज दिसलं. माफी मागायला आलोय.”

बाबांनी बाजूला सरकून त्याला जागा करून दिली.

“बेबी, दोन चहा घेऊन ये. सावकाश आण.”

चहाच्या रांगेत तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. परत आली तर दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. कप्तानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो हसतच होता. बाबांना इतकं मोकळं हसताना तिने लहानपणी बघितलं असेल तेवढंच. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला वाटलं.

सामना संपेपर्यंत बाबा तिथेच बसले. प्रत्येक निर्णयावर पंचांच्या आधी बोट वर करत होते. बाहेर पडताना त्यांची चालसुद्धा हलकी झाली होती.

“कप्तानाला एवढं काय सांगितलंत?” गाडीचं दार उघडता उघडता तिने विचारलं.

“जे त्या दिवशीच सांगायला हवं होतं ते. पण तुझी आई माझ्यासाठी सगळ्या जगाशी भांडायला लागली, आणि मग माझी जीभच उचलली नाही. आता घरी जाऊन तिला सांगायचं तेवढं राहिलंय.” बाबा आत बसले, पट्टा लावला आणि समोर बघत शांतपणे म्हणाले, “चेंडू लेगच्या चार बोटं बाहेरून जात होता, बेबी. उद्या ऑफिसला गेलीस की होता तिथे नेऊन ठेव.”