रिवालच्या जखमेला हात

स्वयंपाक्यानं जखमेला हात लावला. रक्त आलं नाही. छातीवर क्रूस काढत तो बाजूला झाला आणि मागचा, घोडे राखणारा मोतद्दार पुढे सरकला.

खुन्याचा हात लागला की मेलेल्याची जखम पुन्हा वाहते. म्हणून गढीतली सगळी माणसं सकाळपासून प्रार्थनाघरात रांगेनं उभी होती. फळीवर सरदार रिवाल निजला होता.

"जिता होता तेव्हाही मेल्यासाठी बायका अशाच रांगा लावायच्या," म्हातारी धोबीण पुटपुटली आणि तिनं बाही डोळ्यांना लावली.

नदीच्या उतारावर एकट्यानं अकरा जणांना अडवणारा हा माणूस. साऱ्या ब्रेतान्य मुलखात मिठागरांवरच्या बायका त्याची गाणी म्हणत. तो समोरून, एकाच घावात गेला कसा, हे कुणालाच उमगत नव्हतं.

मारलं कुणी, ते तिफेनला ठाऊक होतं. गढीच्या धन्याची ती बायको. काल नवरा, तांगी, ओल्या बुटांनी जेवायला बसला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, नदीवर आज चांगली शिकार साधली. आता तिला एवढंच हवं होतं, रक्तानं बोलावं. तोवर डोळे कोरडे राहावेत. परपुरुषासाठी रडणारीला इथे जाळत.

तांगीची पाळी आली. त्यानं हातमोजा काढला, पंजा जखमेवर दाबला.

रक्त आलं नाही.

पाद्रीबुवांनी मान डोलावली. लोकांनी सुस्कारे सोडले.

तिफेन तांगीच्या कोरड्या पंजाकडे बघत राहिली. मेलेलाही खोटं बोलतो? आणि मग तिला सफरचंदाच्या बागेतली ती दुपार आठवली. रिवालचे दोन्ही हात धरून तिनंच शपथ घातली होती, तुझ्यामुळे माझ्या नवऱ्याचा घात होता कामा नये. तो हसला होता. हो म्हणाला होता. म्हणून नदीवर त्यानं तलवार उपसली नाही. आणि आताही तो गप्प होता.

ती पुढे झाली. नवऱ्याचं मनगट धरून तिनं त्याचा पंजा पुन्हा जखमेवर ठेवला, वर आपला हात दाबला. हे काय चालवलंयस, तांगी दबक्या आवाजात म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. साऱ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली.

"रिवाल, राजा, सुटली तुझी शपथ. आता बोल."

रक्त आलं. दोघांच्याही हातांवर आलं.